कोणी मारलं, हे विचारायचं नसतं

माझा हात फार लवकर उठायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. सौंसरहून सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला यायचं, शाळेच्या फाटकातून आत शिरायचं, आणि पहिल्याच तासाला कोणाच्या तरी पाठीत धपाटा घालायचा. त्याशिवाय माझा दिवस सुरू झाला असं मला वाटतच नसे. लाकडी फूटपट्टी पर्समध्ये डब्याच्या शेजारी असायची. मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तशी बंदी हेल्मेटशिवाय गाडी चालवायलाही आहे.

मुलं मला मागून 'मारकी म्हैस' म्हणत. एकदा फळ्यावर म्हशीचं चित्र सापडलं, कपाळाला टिकली, खांद्याला पर्स. चित्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. तरी मी अख्ख्या वर्गाला ओळीनं फूटपट्टी दिली, आणि नंतर स्टाफरूममध्ये बसून चहा पिताना स्वतःशीच हसलेही.

माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. फूटपट्टी धरली की ती मुठीच्या बाहेर राहायची. कोणी विचारलं तर लहानपणी दारात सापडली असं सांगायचे. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मग दोन्हीकडून गोटे सुटतात. पांढुर्ण्याच्या माणसांनी झाडापर्यंत पोचून झेंडा आणायचा, सावरगावच्यांनी तो राखायचा. तोवर डोकी फुटतात, दात पडतात, एखाद्याचा डोळा जातो. एखाद्या वर्षी एखादा माणूस घरी परतत नाही. आणि झेंडा देवीच्या पायाशी गेला की लगेच सगळं शांत होतं. दवाखान्यात दोन काठांची माणसं शेजारच्या खाटांवर पडून एकमेकांना पाणी देतात.

गोटा कोणी मारला, हे विचारायचं नसतं. हा तिथला नियम आहे. ज्याचं डोकं फुटलं तोही विचारत नाही, त्याची बायकोही विचारत नाही. विचारलं तर सण उरत नाही, भांडण उरतं, असं म्हातारी माणसं सांगतात. माझं माहेर सौंसरचं आणि सासरही सौंसरचं, म्हणजे मी या काठाचीही नाही आणि त्या काठाचीही नाही. पण अठरा वर्षं या सरकारी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवताना तो नियम माझ्याही अंगात मुरला होता.

गोटमारीनंतर शाळा उघडली की वर्गात पांढऱ्या पट्ट्याच पट्ट्या दिसत. कोणाच्या कपाळाला, कोणाच्या कोपराला. मी हजेरीच्या आधी त्यांची थट्टा करायचे. "सावरगावचे इतके अन् पांढुर्ण्याचे इतकेच? काय रे, यंदा भाकरी नव्हती खाल्ली का?" मुलं खूश व्हायची. वर्षभरात माझा वर्ग मोकळेपणी हसायचा तो एवढ्याच दिवशी.

मागच्या वर्षी त्या दिवशी एका मुलीच्या कपाळालाही पट्टी होती. नववीतली मुलगी, सावरगावची, तिसऱ्या बाकावर बसायची. अक्षर असं की वही तपासताना माझा राग आपोआप उतरायचा. तिची आई संत्र्याच्या पॅकिंगला जायची आणि बाप ट्रॅक्टर चालवायचा. बाप तरुणपणी झाड राखायला सगळ्यात पुढे असायचा, अजूनही गावात त्याला त्यासाठीच ओळखत. दारूला तो शिवत नसे. त्याला नुसता राग पुरायचा.

"काय गं, तू कधीपासून गोटे झेलायले लागली?" मी विचारलं.

"शेजारच्यायच्या छतावर होती म्याडम. तिथं आला," ती म्हणाली.

"मग आता पुढच्या वर्षी झाड राखाले तुलेच उभं करू!" मी म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तीही हसली. तिचं ते हसणं मला आजही आठवतं आणि आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पट्टीखाली टाके होते, कानामागे हिरवट वळ होता, मानेवर बोटं उमटलेली होती. आकाशातून आलेला गोटा मानेवर बोटं उमटवत नाही. मला ते दिसलं होतं. पण पोळ्यानंतर इथं जखमेचं कारण ठरलेलं असतं, आणि मी हजेरी घ्यायला लागले.

त्याच वर्षी जुलैपासून शाळेत एक समुपदेशक बाई येऊ लागल्या होत्या. कुठल्याशा योजनेतून एका वर्षाचं मानधन मंजूर झालं होतं, त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी. पांढुर्णा आता स्वतःच जिल्हा झाला, तरी त्या यायच्या छिंदवाड्याहूनच, अडीच-तीन तास बसचे धक्के खात. पंचविशी-सव्विशीची पोरगी, हिंदी बोलणारी, खांद्यावर कापडी पिशवी. त्यांना बसायला खेळाच्या सामानाची खोली दिली. तुटके भाले, हवा गेलेले फुटबॉल आणि मधे दोन खुर्च्या. बाहेर व्हरांड्यात एक बाक.

मी त्यांच्याकडे कोणालाच पाठवलं नाही. "गप्पा मारायचा पगार," असं मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणायचे, त्या ऐकतील अशा बेतानं. त्या ऐकायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. त्याचा मला जास्तच राग यायचा.

सप्टेंबर संपत आला होता. उकाडा मरणाचा, वर्गातला पंखा बंद. मी नकाशे तपासत होते आणि सावरगावच्या त्या मुलीनं नकाशा आणला नव्हता. सलग तिसऱ्या दिवशी. का नाही आणला विचारलं तर गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. माझं डोकं फिरलं. फूटपट्टी काढली आणि तिच्या पाठीत घातली. एक, दोन, तीन. ती हललीही नाही. मार खाणारं मूल आक्रसतं, हात पुढे करतं, रडतं. ही नुसती उभी. त्यानं मी आणखी चिडले आणि चौथी जोरात बसली.

मग ती वाकली आणि तिनं आपलं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. आवाज असा आला की मागची मुलं उठून उभी राहिली. पुन्हा आपटलं. पुन्हा. टाके उसवले, रक्त वहीवर, बाकावर, शेजारणीच्या ओढणीवर. शेजारीण किंचाळून बाकाखाली शिरली. मी तिला मागून मिठी मारून ओढू लागले आणि ती माझ्या हातातून सुटून पुन्हा पुन्हा बाकाकडे जात होती, तोंडातून अक्षर न काढता. तिचं डोकं माझ्या हनुवटीवर बसलं आणि माझा ओठ फाटला. एवढ्याशा पोरीत एवढी ताकद कुठून आली होती कोणास ठाऊक. शेवटी आम्ही दोघी फरशीवर पडलो. माझ्या साडीवर तिचं रक्त होतं, माझंही होतं. ती माझ्या छातीवर डोकं टेकून दमून पडली होती, एखादं तान्हं पोर पडतं तशी.

तो मंगळवार होता. नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही, करवत नाही. पळत पळत समुपदेशक बाई आल्या. त्यांनी ओरडाआरडा केला नाही, मला काही विचारलं नाही. तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि रिक्षा येईपर्यंत तिचा तळवा चोळत राहिल्या.

दवाखान्यातून ती चौथ्या दिवशी शाळेत आली आणि थेट खेळाच्या खोलीत गेली. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी. आत काय चालायचं ते मला कळत नव्हतं. दाराबाहेरून जाताना पाय हळू पडायचे माझे, पण आतून आवाजच यायचा नाही. महिनाभर ती नुसती बसायची म्हणे.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी बाईंनी मला बोलावलं. तिनंच बोलावलंय, असं सांगितलं. मी गेले. बसायला तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी भाल्यांच्या पेटीवर बसले. अठरा वर्षांत मी वर्गात कधी घाबरले नव्हते, पण त्या पेटीवर बसून मला घाम फुटला होता.

तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्याडम, मले गोटा नोयता लागला," ती म्हणाली. "बाबानं आदळलं भितीवर. मान धरून. गोटमारीच्या दिवशीच मारते तो जास्त, कावून का मंग कोनी इचारत नाई."

मी तिच्या मानेकडे पाहिलं. आता तिथं काही नव्हतं.

"घरी बाबा मारे. शाळंत तुमी मारा. त्या दिवशी मले वाटलं, सगळ्यायलेच मारायचं हाये तं आपनच मारून घेऊ. लवकर संपन."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. उत्तरपत्रिकेतल्या दोन मार्कांच्या उत्तरासारखं सांगितलं. मी पदर तोंडाला लावला. मला रडायचं नव्हतं, कारण तिथं रडायचा हक्क माझा नव्हता, तरी रडले.

मग मी बाईंना विचारलं, तुम्हाला हिनं कसं सांगितलं? कोणालाच सांगितलं नव्हतं. तर तीच म्हणाली, "यायनं इचारलं न. किसने मारा, असं. मी मनलं, असं इचारत नसतेत आमच्या इथं. तं ह्या मने, मला नाही माहीत, मी बाहेरची आहे, मी तर विचारणार." आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती खरोखर हसली.

पुढे बाईंनी जे करायचं ते केलं. बालकल्याण समितीला कळवलं, आईला शाळेत बोलावलं, आईच्याही अंगावरचे वळ पाहिले. मुलगी मावशीकडे राहायला गेली, परगावी नाही, सावरगावातच दोन गल्ल्या पलीकडे, म्हणजे शाळा सुटू नये. बापाला समज मिळाली, नागपूरच्या मनाच्या डॉक्टरकडे दोनदा नेलं. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. तो तिच्या अंगावर जायचा थांबला, एवढंच मला माहीत आहे.

आणि माझी फूटपट्टी? ती मी बसच्या खिडकीतून जाम नदीत फेकली, असं लिहायला बरं वाटलं असतं. ती घरीच आहे, मी तिनं समास आखते. हात मात्र त्यानंतरही दोन-तीनदा उठला, अर्ध्यावर थांबला. अठरा वर्षांची खोड एका दिवसात जात नाही.

जानेवारीत प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, समुपदेशक बाईंचं मानधन बंद. वर्षभराचं म्हणून मंजूर झालं होतं, पण सहा महिन्यांनंतरचा हप्ता आलाच नाही. वरून विचारणा केली तर 'पुढील निर्देशांची वाट पाहावी' असं उत्तर. बाई पुढचे तीन आठवडे पदरच्या पैशानं बसचं तिकीट काढून आल्या. चौथ्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या की घरी त्यांचीही आई आहे.

मुलीला त्यांनी स्वतःच सांगितलं. ती दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आली. आम्ही आता एकमेकींशी बोलत होतो, जपून, नुकतं भांडण मिटलेल्या जावांसारख्या. ती म्हणाली, "म्याडम, सोमवारी मले लय वंगाळ वाटते. डोस्कं आपटाव वाटते. पन मी मनतो, उद्या मंगळवार हाय, यायले सांगू. मनून दम धरून राहिली. मंगळवारच नाई राहिला तं सोमवारी मी काय करू?"

मी तिला म्हणाले, मला सांग. तिनं मान हलवली. "तुमाले नाई सांगता येत. तुमी मारलं न मले." बरोबर होतं तिचं.

पैसे एका ठिकाणी होते. शाळेच्या विकास समितीकडे स्थानिक निधी होता, आणि तो कशावर खर्चायचा हे समिती ठरवणार होती. पण त्याच महिन्यात मैदानावर दोन काठांच्या मुलांची जुंपली. कबड्डीत कोणाचा तरी पाय ओढला गेला, शिवी गेली, आणि संडासाच्या बांधकामासाठी आणलेल्या गिट्टीच्या ढिगावर दोन्हीकडची मुलं तुटून पडली. दहा मिनिटांत शाळेच्या मैदानाची नदी झाली. नदीवर निदान झेंडा असतो, इथं तोही नव्हता. अकरावीतल्या एकाचा जबडा निखळला. शिपायाच्या डोक्याला खोक पडली. मी मधे धावले तर खांद्यावर दगड बसला आणि हात दोन आठवडे वर जाईना. मुलं मला बघत होती आणि तरी दगड मारत होती. मारकी म्हैस आली म्हणून एकही थांबला नाही. इतकी वर्षं मी त्यांना भीती शिकवली होती आणि गरज पडली त्या दिवशी ती भीतीही कामाची निघाली नाही.

या प्रकारानंतर समितीनं ठरवलं की निधीतून शाळेची भिंत उंच करायची आणि वर काटेरी तार लावायची.

बैठक फेब्रुवारीत होती, सकाळी अकराला, प्राचार्यांच्या खोलीत. अध्यक्ष संत्र्याचे मोठे व्यापारी. पन्नाशीचे, मिठ्ठास बोलणारे, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला पेढे त्यांचे. त्यांच्या डाव्या भुवईच्या वर अंगठा बसेल एवढा खड्डा आहे. पांढुर्ण्यात तो खड्डा मानाचा. सभेत त्यांची ओळख करून देताना लोक म्हणतात, यांनी गोटमारीत कपाळावर घेतलंय, पाठीवर नाही. ते स्वतः त्यावर काही बोलत नाहीत, लाजून खाली बघतात, म्हणून लोकांना ते आणखीच आवडतात.

मी मांडलं की भिंत पुढच्या वर्षी करू, या पैशात समुपदेशक बाईंना ठेवू. सदस्य एकमेकांकडे बघून हसले. हे हसू मला ओळखीचं होतं, जुलैमध्ये मीच हसत होते.

"म्याडम जी," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "भीत उंच झाली तं पोरायचं भांडण रस्त्यावर तरी नाई येनार. त्या बाईच्या बोलन्यानं काय गोटे थांबतेत?"

"गोटे काय बाहेरून आले होते का?" मी म्हणाले. चिडले की माझी शाळेची भाषा गळून पडते. "आपल्याच पोरायनं आपल्याच पोरायले मारले. भीत कोनाले अडवनार हाये? आतल्यायलेच कोंडनार न?"

"आमाले मास्तरानं झोडपलं, बापानं झोडपलं, तवा कुठं आमी मानसं झालो," दुसरे एक सदस्य म्हणाले. "आमच्याशी कोन बोलाले येत होतं?"

पुन्हा हशा. प्राचार्यांनी पेन उचललं, भिंतीचा ठराव लिहायला. आणि मला त्या मुलीचं नाव घेता येत नव्हतं. बाईंना मी शब्द दिला होता की तिची गोष्ट मी कुठं वापरणार नाही. माझ्याजवळ दुसऱ्याची गोष्ट नव्हती. मग माझीच होती ती काढली.

"थांबा सर," मी म्हणाले. "हे आधी लिहा. मी सप्टेंबरात वर्गात एका मुलीले फूटपट्टीनं मारलं. चार वेळा. तिनं माह्यासमोर बाकावर डोस्कं फोडून घेतलं. मुलगी बाकावरून पडली असं तुमी वर कळवलं ते खोटं हाये. ते मीच तुमाले सांगितलं होतं. आता खरं लिहा."

प्राचार्य निवृत्तीला आलेले, जन्मभर एकही ओरखडा न पडलेले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, हे कार्यवृत्तात आलं तर वर पाठवावं लागेल. तुमच्यावर कारवाई होईल."

"पाठवा. पन त्याच पानावर बाईचं मानधनही लिहा. म्हणजे कायले लागते ते वरच्यायले समजन."

"म्याडम, तुमी उगीच मनाले लावून घेऊन राहिल्या," अध्यक्ष म्हणाले. "मार लागतोच मानसाले. त्याचं काय एवढं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हे बोलावं असं मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं. "भाऊ, तुमच्या कपाळावर हे कोनं मारलं?"

चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. कोणीतरी "अवं बाप्पा" म्हणालं. अशा प्रश्नाला पांढुर्ण्यात शिवीचीच किंमत आहे.

"असं इचारत नसतेत, म्याडम," अध्यक्ष म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता.

"मालूम हाये मले. अठरा वर्सं मीही नाई इचारलं. जिच्या मानेवर बोटं दिसत होते तिलेही नाई इचारलं. त्या बाईनं इचारलं. मनून ते पोरगी आज शाळंत येऊन राहिली."

त्यांचा हात वर गेला आणि अंगठा त्या खड्ड्यात जाऊन बसला. बराच वेळ तिथंच राहिला. मी त्यांना गोटमारीच्या सत्कारात, लग्नात, निवडणुकीत पाहिलं होतं. असा चेहरा कधी पाहिला नव्हता. डोळे भरले नव्हते, राग नव्हता. मार चुकवायला दाराआड उभं राहिलेल्या पोराचा असतो तसा होता. त्यांनी समोरच्या चहाला हात लावला नाही.

"भितीचं पुढच्या साली पाहू," ते शेवटी म्हणाले. "मंगळवार लिहा सर. सुकरवारचं नाई जमत, तेवढे पैसे नाई." आणि सही करून, कोणाकडे न बघता, निघून गेले. त्यांना कोणी मारलं होतं ते मला आजही माहीत नाही.

मला नोटीस आली. माझी एक वेतनवाढ थांबली, स्टाफरूममध्ये महिनाभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. सौंसरला नवऱ्यानं विचारलं की तुला हे सांगायची काय गरज होती. मी म्हणाले, गरज मला नव्हती. त्याला ते पटलं नाही, आणि मीही आणखी समजावत बसले नाही. बाई पुढच्या मंगळवारी आल्या. मुलगी व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासूनच बसली होती, पहिला तास बुडवून. तो तास माझा होता. मी तिची हजेरी लावली.

जुलैमध्ये नवं सत्र सुरू झालं. वरून अजूनही निर्देश आलेले नाहीत. मानधनाचा ठराव पुन्हा समितीपुढे गेला, अध्यक्षांनी न वाचता सही केली. भिंत तेवढीच आहे. बाकावर आता रांग लागते.

आणि मग पुन्हा पोळा आला, गोटमार झाली, शाळा उघडली. मी दहावीच्या वर्गात गेले. पुन्हा पट्ट्या. मुलं माझ्या थट्टेची वाट बघत होती. मी हजेरीचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पहिल्या बाकाजवळ जाऊन, कोपराला पट्टी बांधलेल्या मुलाला विचारलं, "कोनं मारलं रे?"

तो गोंधळला. "म्याडम, असं थोडीच इचारतेत."

"मी इचारून राहिली. तुले सांगायचं नसन तं नको सांगू. पन मी इचारनार."

दुसऱ्या बाकावर विचारलं. तिसऱ्या. काही मुलं हसली, एकानं खरंच सांगितलं की मामानं, आणि कान लाल करून खाली बसला. एक मुलगी काही न बोलता पट्टीवर हात ठेवून राहिली. तिच्याजवळ मी थोडा वेळ थांबले आणि मग पुढे गेले.

सावरगावची ती मुलगी आता दुसऱ्या ओळीत बसते. तिच्या कपाळावर पट्टी नव्हती, जुना व्रण होता, पांढरा पडलेला. मी तिच्यापाशी पोचले तेव्हा तीच उभी राहिली आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "अन् म्याडम, तुमची करंगळी कोनं मोडली?"

मी तोंड उघडलं, दार म्हणायला. इतक्या वेळा म्हटलेलं होतं की जीभ आपोआप तिकडे वळली. मग तिचा चेहरा दिसला. माझ्या मागच्या वर्षीच्या थट्टेवर हसलेला हाच चेहरा.

"माह्या आईनं," मी म्हणाले. "वरवंट्यानं. दूध उतू गेलं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या कानांवर पडलं. चाळीस मुलांसमोर. आई जाऊन अकरा वर्षं झाली, मी तिच्या फोटोला रोज हार घालते, आणि मला ती अजूनही आवडते. हे सगळं मला त्या क्षणी एकदम आठवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

मागून तिचा आवाज आला, साधा, मावशीकडे निरोप सांगावा तसा. "मंग मंगळवारी तुमीही येजा, म्याडम."

मंगळवारी मी गेले. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या आधी सहा मुलं होती. त्यांनी सरकून जागा केली, आणि मी माझा नंबर येईपर्यंत बसून राहिले.